उजवीकडे वळणारा आत्मा

लोखंडाला स्मृती असते. माणूस विसरतो, दगड झिजतो, पाणी वाहून जातं; पण ज्या लोखंडाने एखाद्याचा शेवटचा श्वास ऐकला, ते तो श्वास जन्मभर जपून ठेवतं.

हे वाक्य सारथी दर रविवारी सकाळी तलावाच्या वळणावर उभे राहून म्हणत, आणि जमलेली माणसं डोळे मिटून माना डोलावत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना परतताना आपली स्कूटर कुठे लावली होती ते आठवत नसे. लोखंडाच्या स्मरणशक्तीबद्दल मात्र कुणालाच शंका नव्हती.

मग लांबून ती गाडी येताना दिसे. लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी. एके काळची ऐट अजून अंगावर बाळगणारी जुनी स्पोर्ट्स कार. स्टिअरिंगवर धाकटा असे आणि शेजारी त्याची आई, मांडीवर मोठ्या मुलाचा फोटो धरून. रस्ता तलावाशी येऊन डावीकडे वळतो. पाणी उजव्या हाताला, मध्ये कमरेइतकी दगडी भिंत. त्या भिंतीचा एक तुकडा नवा आहे, दगडांचा रंग अजून जुळलेला नाही. मोठा मागच्या वर्षी तिथेच गेला, याच गाडीत.

गाडी जवळ आली की सारथी हात वर करीत. सगळे गप्प.

"आदर," ते म्हणत. "वेग सोडा. मन सोडा. त्याला येऊ द्या."

आणि धाकट्याच्या हातातली गाडी, कुणी नाक धरून ओढावं तशी, पाण्याकडे वळे. फार नाही, हातभर. पण वळे. धाकटा घाबरून ती परत रस्त्यावर आणी, आई फोटो छातीशी धरून "आलास का रे" म्हणे, आणि गर्दीतून असा सुस्कारा निघे की वाटावं सगळ्यांना मिळून एकच फुप्फुस आहे.

त्यानंतर सारथी स्वतः स्टिअरिंगवर बसत. पांढरे हातमोजे चढवीत. त्याच वळणावरून, तेवढ्याच वेगाने गाडी नेत, आणि गाडी आखून दिल्यासारखी जाई. "मी त्याला समजावलं," उतरल्यावर ते सांगत. "माझं ऐकतो तो. पण तात्पुरतं."

तात्पुरतं हा सारथींचा आवडता शब्द होता. कायमचा उपाय झाला असता तर पुढच्या रविवारी काय करायचं, हा प्रश्न उरला असता.

सारथी पूर्वी काय करत, हे कुणी विचारत नसे. जुन्या गाड्या घेऊन विकत, असं लाल गाडी दुरुस्त करणारा गॅरेजवाला एकदा बोलून गेला होता. सारथींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, तसं बरेच लोक करतात. पैसे ते घेत नसत. लोक देत, आणि ते अडवत नसत. टायर हे गाडीचे तळवे, दिवे हे डोळे आणि क्लच म्हणजे वैराग्य, असं त्यांचं प्रवचन होतं. एकाने विचारलं, मग ब्रेक म्हणजे काय? सारथींनी बराच वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "ब्रेक म्हणजे ब्रेकच." लोकांना हेसुद्धा खोल वाटलं.

धाकट्याचं औषधांचं दुकान होतं. सर्दीला अँटिबायोटिक मागणाऱ्यांशी तो आठवडाभर हुज्जत घाली, पुराव्याशिवाय कशावर विश्वास ठेवू नका म्हणे, आणि रविवारी भावाच्या आत्म्याला तलावापर्यंत सोडून येई. त्याला यात विसंगती दिसत नव्हती असं नाही. पण पुरावा त्याच्या स्वतःच्या तळहातांत होता. स्टिअरिंग त्याने हलवलेलं नसे. हे तो कुणाच्याही शपथेवर सांगायला तयार होता, आणि गंमत अशी की ते खरं होतं.

आणखी एक गोष्ट त्याने सारथींना सांगितली होती. परत येताना तलाव डाव्या हाताला असतो. तिथेही तसाच आदर केला, वेग सोडला, की गाडी वळते, पण पाण्यापासून लांब. सारथींनी क्षणभर विचार केला. "जाताना पाण्याकडे बोलावतो. परत येताना तोंड फिरवतो. घरी यायची इच्छा नाही त्याची. का नाही? घरात कोण आहे?"

घरात वहिनी होती. मोठा गेला त्या सकाळी तिचं त्याच्याशी भांडण झालं होतं. न्हाणीघरातल्या गळक्या नळावरून झालं होतं, पण भांडण ते भांडण. हे आईनेच सारथींना सांगितलं होतं. पुढच्या रविवारी सारथींनी ते आत्म्याच्या हवाल्याने तिला परत ऐकवलं, आणि यांना कसं कळलं म्हणून आई थक्क झाली.

तेव्हापासून वहिनी कशालाच नाही म्हणेनाशी झाली. जेवायला वाढलं तर जेवे, नाही वाढलं तर नाही. वर्ष पुरं होण्याच्या सुमाराला सारथींनी जो निकाल दिला, त्यालाही ती नाही म्हणाली नाही. येत्या रविवारी शेजारच्या सीटवर आईऐवजी मोठ्याची मुलगी बसेल. सात वर्षांची, घरात सगळे तिला पिल्लू म्हणत. बापाला तिला डोळे भरून बघू द्यायचं, गाडी नेहमीपेक्षा जोरात न्यायची, कारण दोघांमधलं अंतर मोठं आहे. मग गाडी सारथींच्या स्वाधीन करायची, कारण ती घरात राहणं बरं नाही. आणि वहिनीने माहेरी जायचं. पिल्लू आजीपाशी राहील.

वहिनीने कपाटावरची बॅग खाली काढली होती. पिल्लूने विचारलं, आपण कुठे चाललोय? वहिनी म्हणाली, मी चालले आहे. बस.

*

शुक्रवारी मावशी आली. आईची धाकटी बहीण, दुसऱ्या शहरात हाडांची डॉक्टर. साठी उलटलेली, बोलणं कमी आणि ऐकताना समोरच्याच्या गुडघ्यांकडे बघायची सवय. वर्षश्राद्धाला म्हणून आली होती. जेवणाच्या टेबलावर तिला सगळं कळलं. आई सांगत होती, धाकटा ताटाकडे बघत होता, वहिनी पोळ्या भाजत होती.

"रविवारी पोरीला बसवणार त्यात?" मावशीने विचारलं.

"बापाला भेटायला," आई म्हणाली. "तू यात पडू नकोस. तुला हाडं कळतात, बाकीचं कळत नाही."

"बरं." मावशी पाणी प्यायली. मग धाकट्याकडे वळून म्हणाली, "जाताना कुठे वळते?"

"पाण्याकडे."

"म्हणजे?"

"उजवीकडे."

"आणि येताना?"

"पाण्यापासून लांब. म्हणजे..." तो थांबला.

"म्हणजे उजवीकडे," मावशी म्हणाली. "मग तो तलावाकडे बोलावतोय की उजवीकडे, ते एकदा ठरवा. तुझा भाऊ असा एककल्ली नव्हता रे."

आईने ताट सरकवलं आणि उठून गेली. धाकटा तसाच बसून राहिला. वर्षभर ही गोष्ट त्याच्या समोर होती, आणि तो तिच्याकडे सारथींच्या चष्म्यातून बघत होता. पण हेही खरं की त्यामुळे त्याला हलकं वाटलं नाही.  आत्मा नसेल, तर मग दर रविवारी त्याच्या हातात काय येत होतं?

"उद्या गाडी काढ," मावशी म्हणाली. "तू पुढे चालव, मी माझ्या गाडीतून मागे येते. माणूस लंगडतो का ते त्याच्या मागून चालल्यावर कळतं. समोरून सगळेच नीट येतात."

*

शनिवारी सकाळी चौकापर्यंतचा रस्ता नुकताच धुतला होता. धाकटा हळू चालवत होता, मागून मावशी. चौकाच्या पुढे, सरळ रस्त्यावर तिने हॉर्न वाजवला आणि त्याला उतरायला लावलं.

"हे बघ."

कोरड्या डांबरावर गाडीच्या ओल्या चाकांच्या रेघा उमटल्या होत्या. सरळ जाणाऱ्या गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या पावलावर पाऊल ठेवून जातात. दोन रेघा उमटाव्यात. इथे चार होत्या. मागच्या दोन्ही रेघा एका बाजूला सरकलेल्या. गाडी सरळ जात होती खरी, पण कुत्रं अंग तिरकं करून पळतं तशी.

"लंगडतेय," मावशी म्हणाली. "कोण बघतं हिला?"

गॅरेजवाला बघत असे. सारथींचा तोही भक्त होता, आणि त्याला कारण होतं. अपघातानंतर गाडी त्यानेच उभी केली. पुढचा भाग, बॉनेट, दिवे, सगळं नवं. तरीही ती वळते म्हटल्यावर त्याने दोनदा चाकं मशीनवर लावली, दोनदा सगळं बरोबर निघालं. आता एक तर आपलं काम चुकलंय, नाही तर आत्मा आहे. कोणता पर्याय निवडायचा, यावर त्याची झोप उडाली नव्हती.

"डॉक्टर, अलाइनमेंट ओके आहे," तो म्हणाला. "मी स्वतः केलंय."

"कुठल्या चाकांचं?"

"पुढच्या."

"आणि मागच्या?"

गॅरेजवाला हसला. "अहो, मागची चाकं वळतात कुठे? ती सरळच असतात. स्टिअरिंग पुढे असतं."

"पाठीचा कणाही वळायला नसतो," मावशी म्हणाली. "पण तो वाकडा झाला की माणूस वाकडा चालतो. मशीनवर मागची चाकं दिसतात का?"

"माझं मशीन पुढच्यांचंच आहे." त्याने फडक्याला हात पुसले. "पण पूर्वी मशीन नव्हतं तेव्हा आम्ही दोरी लावायचो."

दोरी निघाली. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, ताणून बांधली. मग मागच्या प्रत्येक चाकाच्या पुढच्या कडेपासून आणि मागच्या कडेपासून दोरी किती लांब आहे ते मोजलं. उजवं चाक जवळजवळ सरळ. डावं चाक जरा बाहेर तोंड करून उभं, रस्त्यात भांडण झाल्यासारखं.

"आता गाडी ढकलू," मावशी म्हणाली. "आधी पुढे ढकलून मोजा. मग मागे ढकलून मोजा."

उजव्या चाकाचं माप दोन्ही वेळा तेच आलं. डाव्याचं बदललं. गॅरेजवाल्याने पुन्हा मोजलं. मग तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला, वरून टॉमी म्हणजे लोखंडी कांब मागितली, आणि चाकाला गाडीच्या अंगाशी जोडणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या मुळाशी ती घालून दाबली. डुब असा आवाज झाला आणि चाक बोटभर मागे सरकलं. सोडली, तसं पुढे आलं.

"बुश गेलाय," खड्ड्यातून आवाज आला.  "धडक पुढून बसली होती हो. मागे बघायचं कुणाच्या मनात येणार?"

बुश म्हणजे त्या लोखंडी हाताच्या सांध्यातलं रबर. वाटीएवढं. जुनं होऊन चिरलेलं, एका बाजूने फाटलेलं. मावशीने टॉर्च मारून पाहिलं आणि धाकट्याला समजेल अशा भाषेत सांगितलं: "खुब्याचा सांधा सैल झालाय असं धर. अॅक्सिलरेटर दाबलास की इंजिन चाकाला पुढे रेटतं. सांधा सैल, म्हणून ते चाक पुढे सरकून जरा आत तोंड करतं आणि गाडी डावीकडे ओढते. तू नकळत स्टिअरिंग थोडं उजवीकडे धरून ते सांभाळतोस. आता पाय उचल. इंजिन चाकाला मागे खेचतं, चाक बाहेर तोंड करतं, मागचं टोक डावीकडे जातं, नाक उजवीकडे. शिवाय तुझे हात आधीच उजवीकडे धरलेले. म्हणजे हात न हलवता गाडी वळली. तू खोटं बोलत नव्हतास. तू पायाचं कधी सांगितलं नाहीस, कारण तुला कुणी विचारलं नाही."

"वेग सोडा," धाकटा हळूच म्हणाला. "मन सोडा."

"मनाचं मला माहीत नाही. पहिला भाग बरोबर आहे."

पिल्लू त्यांच्याबरोबर आली होती. घरी बॅग भरलेली दिसते म्हणून तिला आणलं होतं. ती टायरच्या ढिगावर बसून पाय हलवत होती. "बाबा असताना पण करायची," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"काय करायची?"

"असं." तिने हाताचा पंजा उजवीकडे झुकवला. "बाबा पाय उचलायचे आणि ती अशी करायची. बाबा म्हणायचे, हिला खोड आहे. आम्ही मुद्दाम करायचो. मला हसू यायचं."

"मग सांगितलं का नाहीस?" धाकट्याचा आवाज चिरकला.

"मला कोण विचारतंय," पिल्लू म्हणाली. "आणि आजी म्हणाली होती की बाबा करतात. मला वाटलं, मग आता एकटे करत असतील."

गॅरेजवाला खड्ड्यातून वर आलाच नाही.

दुपारी गोदामांच्या मागच्या मोकळ्या मैदानावर धाकट्याने स्वतः करून बघितलं. तिथे तलाव नव्हता, कुणी मेलं नव्हतं. एक म्हैस होती आणि तिचं लक्ष नव्हतं. पाय दाबला, गाडी सरळ. पाय उचलला, उजवीकडे. दाबला, उचलला. तो करतच राहिला. मावशी बाजूला उभी राहून बघत होती आणि तिने त्याला थांबवलं नाही. मग गाडी थांबवून तो उतरला.

"मग दादा?" त्याने विचारलं. "दादा असाच गेला?"

"वळणावर काहीतरी आडवं आलं असेल, त्याने पाय उचलला असेल. एरवी हातभर सरकते, जोरात असली तर जास्त सरकेल. असेल. माझ्याकडे पुरावा नाही." ती आपल्या गाडीकडे वळली. "पण भांडणामुळे गाडी वळत नाही, याला पुरावा आहे."

*

संध्याकाळी त्यांनी आईला सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं, दोरीचं, रबराचं, पिल्लूच्या बोलण्याचं. मग म्हणाली, "झालं तुमचं?"

"ताई, पोरीला त्यात बसवू नकोस."

"तुला मूलबाळ नाही," आई म्हणाली. "तुला काय कळणार. मी दर रविवारी त्याला भेटते. एवढं एक वळण आहे माझ्याकडे. तेही रबराचं आहे म्हणून सांगायला आलीस?"

 डॉक्टर म्हणून मावशीने पुष्कळांना वाईट बातम्या दिल्या होत्या, पण ही तशी नव्हती. माणूस मेला आहे, हे ती एका आईला दुसऱ्यांदा सांगत होती.

"उद्या माझ्या शब्दाबाहेर गेलास," आई धाकट्याला म्हणाली, "तर मला आई म्हणू नकोस."

वहिनी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. धाकट्याला वाटलं ती काहीतरी बोलेल, निदान पोरीचं तरी. पण ती आत गेली आणि इस्त्री करायला लागली. पिल्लूचा फ्रॉक होता, उद्याचा. तिला आपण निर्दोष असण्याची सवयच राहिली नव्हती.

*

रविवारी गर्दी नेहमीपेक्षा जास्त होती. वर्षपूर्ती म्हणून लांबलांबून माणसं आली होती. भिंतीवर, झाडाखाली, गाड्यांच्या टपांवर. एकाने आपल्या बंद पडलेल्या स्कूटरला ढकलत आणलं होतं, तिलाही काही स्मृती असेल तर बघावं म्हणून.

लाल गाडी वळणाच्या अलीकडे उभी होती. शेजारच्या सीटवर पिल्लू, इस्त्रीचा फ्रॉक, बेल्ट लावलेला. सारथी खिडकीत वाकून तिला म्हणाले, "बाळ, आज बाबा येतील. घाबरायचं नाही."

"बाबा पाय उचलल्यावर यायचे का?" पिल्लूने विचारलं.

सारथींच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण ते जरा शिळं झालं.

धाकट्याने चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. समोर आई उभी होती, फोटो धरून. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग शेजारी पाहिलं. पिल्लूचे पाय सीटवरून खाली पोचत नव्हते. त्याने इंजिन बंद केलं, उतरला, दुसऱ्या बाजूला जाऊन तिचा बेल्ट सोडला आणि तिला उचलून वहिनीच्या कडेवर दिलं. वहिनीने तिला घेतलं. घट्ट घेतलं.

"आज तुम्ही चालवा," तो सारथींना म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "नेहमीसारखं नाही. आधी तुम्ही. आणि आम्हाला सांगता तसं वळणावर वेग सोडा. पाय पूर्ण वर उचला."

"आदर भक्ताने करायचा असतो," सारथी म्हणाले. "मी मध्यस्थ आहे."

"तुमचं ऐकतो ना तो?"

"ऐकतो. पण परीक्षा घेतली की आत्मा..."

"परीक्षा त्याची नाही. पाय तुमचा आहे. एकदा उचला."

सारथींनी डोळे मिटले. नेहमी यानंतर काहीतरी खोल निघे, म्हणून गर्दी थांबली. त्यांनी डोळे उघडले आणि हातमोजे काढायला सुरुवात केली. "आज स्पंदनं दूषित आहेत," ते म्हणाले. "घरात फूट आहे. अशा वेळी मी चाकाला हात लावत नाही."

"हाताचं कुणी विचारलंय," मागून मावशी म्हणाली. "वर्षभर यांनी एकदाही त्या वळणावर पाय उचललेला नाही. दुसऱ्यांना उचलायला लावतात, स्वतः दाबून ठेवतात. जुन्या गाड्यांच्या धंद्यातला माणूस आहे, त्याला ही खोड पहिल्याच दिवशी कळली असणार. कळली, आणि दुरुस्त करा म्हणून सांगितलं नाही. आज त्यात पोरीला बसवलं, जोरात न्या म्हणून सांगितलं."

मग धाकट्याने दाखवलं. गर्दीला वळणापासून मागे सरळ रस्त्यावर नेलं, जिथे दोन्हीकडे मोकळं होतं. हळू वेगात, एकटा बसून. खिडकीतून हात बाहेर काढून तो सांगे: आता दाबलाय, गाडी सरळ. आता उचलला, उजवीकडे. मग फिरून उलट दिशेने आला, तलाव दुसऱ्या बाजूला, आणि पुन्हा उचलला. पुन्हा उजवीकडे. मग मावशीने गर्दीतल्या एका ओळख नसलेल्या माणसाला चालवायला बसवलं. तो मोठ्याला ओळखत नव्हता, त्याने पाय उचलला, आणि आत्म्याने त्यालाही तितक्याच आपुलकीने उजवीकडे नेलं.

लोक बघत होते. आज सुस्कारा निघाला नाही.

"मग त्या रबरात आत्मा असेल," स्कूटरवाला म्हणाला.

"असेल तर नवीन रबर बसवल्यावर कळेल," मावशी म्हणाली. "तुमच्या स्कूटरला पेट्रोल आहे का, ते आधी बघा."

काही हसले. बरेचसे चिडले होते, पण सारथींवर नाही. दर रविवारी गाव सोडून यायला एक जागा होती, ती या बाईने काढून घेतली होती. सारथी तेवढ्यात आपल्या गाडीत बसले. त्यांची गाडी सरळ गेली.

आई मात्र वळणावरच उभी राहिली होती. फोटो हातात लोंबकळत होता. धाकटा तिच्याजवळ गेला.

"आता तो कुठे भेटणार मला?" तिने विचारलं.

त्याच्याकडे औषधांचं अख्खं दुकान होतं. यावरचं औषध त्यात नव्हतं. त्याने तिचा हात धरला. तिने काढून घेतला नाही, एवढंच.

वहिनी पिल्लूला घेऊन मावशीपाशी आली. "म्हणजे मी भांडले म्हणून नाही?"

"नाही."

"मग एवढ्याशा रबरासाठी गेले?"

"बहुतेक."

वहिनीने भिंतीच्या त्या नव्या दगडांकडे पाहिलं. "ते तर आणखीच वाईट आहे," ती म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच तिचा आवाज रागावलेला होता. मावशीला बरं वाटलं.

यातून घ्यायचं ते साधं आहे. गाडी वळते तेव्हा आधी चाक बघावं, पुढचं आणि मागचंही. हात काय करतात याबरोबर पाय काय करतात तेही विचारावं, आणि घरातल्या लहान पोराला विचारायला विसरू नये. एखादी अद्भुत गोष्ट दाखवणारा माणूस जे आपल्याला करायला लावतो ते स्वतः करत नसेल, तर त्याला ते एकदा करायला सांगावं. आणि जिवंत बाईवर मेलेल्या माणसाच्या नावाने आळ घेण्याआधी, निदान एक टॉर्च घेऊन गाडीखाली वाकावं. दुःख यामुळे कमी होत नाही. पण पुढच्या सीटवर पोर बसवलं जात नाही.

सोमवारी गाडी गॅरेजात गेली. नवा बुश बसवायला दुपार लागली. त्यातला बहुतेक वेळ, जुना बोल्ट गंजला होता तो निघेना म्हणून गेला.